आष्टीकरांची दाद

कॅनडातल्या सस्काटूनमध्ये तेव्हा मराठी घरं मोजकीच होती, आणि त्यांत हेमचंद्रराव आष्टीकर हे एकच गृहस्थ असे होते की ज्यांना गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, चित्र काढायला बसले तर हत्ती आणि आंबा यांतला फरक दाखवता येत नव्हता, आणि तरीही त्यांच्यावाचून एकही कार्यक्रम रंगत नसे. कारण त्यांना ऐकता येत होतं. ऐकता काय सगळ्यांनाच येतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. तुम्ही आष्टीकरांना ऐकताना पाहिलेलं नाही.

एरवी हा माणूस पोटॅशच्या खाणींना लागणाऱ्या पंपांची गणितं करायचा, मितभाषी होता आणि ऑफिसात त्याचं अस्तित्व कॅलेंडरपेक्षा जास्त कुणाला जाणवत नसे. पण कुठं सूर लागला की त्यांच्या अंगात यायचं. डोळे अर्धे मिटायचे, उजवा हात हवेत काहीतरी उचलून ठेवायला लागायचा, आणि तालाची पहिली मात्रा, म्हणजे सम, आली की मान अशी खाली यायची की शेजारच्याची खुर्ची हलायची. मग 'वा!' हा वा पोटातून यायचा. गाणाऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मात्र एक होतं. आष्टीकरांनी आयुष्यात खोटी दाद दिली नव्हती. नागपुरात, धंतोलीत, गणपतीच्या दिवसांत एका मैफिलीत कॉलेजातल्या हेमचंद्राने उगाच उत्साहाच्या भरात भलत्या ठिकाणी 'वा' म्हटलं होतं. शेजारी एक वृद्ध बसले होते. ते वळून म्हणाले, "बाळ, दाद म्हणजे सही असते. कोऱ्या कागदावर करायची नसते." हेमचंद्राने कानाला खडा लावला. पुढं साहेबाच्या मुलीचा पियानो झाला, मंत्र्याच्या पुतण्याची गझल झाली, मंडळाच्या अध्यक्षांचं स्वरचित काव्यवाचन झालं. आष्टीकर टाळ्या वाजवायचे, कारण टाळ्या हा शिष्टाचार आहे, पण तोंड उघडायचे नाहीत. यामुळे त्यांचं प्रमोशन दोनदा मागं पडलं असं त्यांच्या पत्नीचं मत होतं. उल्काताईंची मतं सहसा बरोबर असत.

ज्या वर्षी त्यांनी नदीजवळच्या जुन्या वस्तीत घर घेतलं, त्याच उन्हाळ्यात त्यांना बॅक लेनचा उत्सव कळला. या घरांच्या मागच्या बाजूला एक गल्ली असते. तिकडं गॅरेजांची तोंडं असतात, कचऱ्याचे डबे असतात, आणि वर्षभर तिथं कुणी ढुंकून पाहत नाही. ऑगस्टात मात्र एका शनिवारी सगळी गॅरेजं उघडायची. मोटारी बाहेर, चित्रं आत. कुणाची जलरंगातली, कुणाची लाकडावर कोरलेली, कुणी गोधडीसारखं काहीतरी शिवून भिंतीला लावलेलं. लेनच्या टोकाला शेतावरचा सपाट ट्रेलर आणून उभा केला की झालं स्टेज. वीज कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून यायची, नारिंगी वायरीने. टेबलावर पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या पुरणाच्या उकडलेल्या करंज्या, आणि सगळ्यांवर मिळून डास.

आष्टीकर पहिल्या रांगेत गवतावर मांडी घालून बसले. ट्रेलरवर वॉल्टर नावाचे एक थोराड निवृत्त शेतकरी अ‍ॅकॉर्डियन वाजवत होते. लोक सभ्यपणे, हाताची घडी घालून, गाणं संपण्याची वाट पाहत होते. आणि मधल्याच एका वळणावर वॉल्टरनी सूर असा काही सोडला आणि झेलला की आष्टीकरांना राहवलं नाही. ते ओरडले, "वन्स मोअर!"

आता यात त्यांची चूक म्हणावी तर ती अस्सल मराठी चूक होती. आपली संगीत नाटकं पाहत वाढलेल्या माणसाला वाटतं की ज्या अर्थी शब्द इंग्रजी आहेत त्या अर्थी इंग्रजी बोलणारे लोक हेच ओरडत असणार. सस्काटूनमध्ये हे जन्मात कुणी ओरडलं नव्हतं, निदान गाणं चालू असताना तरी. वॉल्टर थांबले. त्यांनी भाता मिटला आणि गंभीरपणे विचारलं, कुठला भाग? आष्टीकरांनी हवेत हात फिरवून दाखवला. वॉल्टरनी तो भाग पुन्हा वाजवला. "वा!" पुन्हा वाजवला. मग एकच तुकडा तो माणूस वेगवेगळ्या तऱ्हेने कितीतरी वेळ वाजवत राहिला आणि शेवटी घाम पुसत म्हणाला की आयुष्यभर लग्नांतून वाजवतो आहे, पण कुणी ऐकतं आहे हे आज कळलं.

उत्सवाचं सगळं ग्लेंडा बघायची. उंच, किडकिडीत, शाळेतून निवृत्त झालेली बाई, आणि स्वतः फक्त आभाळाची चित्रं काढणारी. कार्यक्रम कोलमडला म्हणून ती तणतणत आष्टीकरांना शोधत निघाली, तर ते तिच्याच गॅरेजात तिच्याच चित्रासमोर उभे होते. खाली बोटभर शेत आणि वर सगळं आभाळ. कोपऱ्यात एक पिवळट ढग. त्या ढगाकडं पाहून ते पुटपुटले, "आहाहा." ग्लेंडाला शब्द कळला नाही, पण नेमका तोच ढग तिला साधायला आठवडा लागला होता. ती भांडायला आली होती ते विसरली. पुढच्या वर्षीपासून तिने प्रत्येक कलाकाराच्या वेळेत थोडी मोकळी जागा ठेवायला सुरुवात केली आणि समितीत त्या जागेला 'आष्टीकरसाठी' असं म्हणत.

काही वर्षांत लेन बिघडली. म्हणजे सुधारली. लोक गाणं चालू असताना दाद द्यायला शिकले. रॉक बँडचा पोरगेला ड्रमवाला ठोका द्यायच्या आधी आष्टीकरांच्या मानेकडं बघायला लागला. लोकांना कुठं दाद द्यायची ते नक्की कळत नसे, म्हणून ते आधी पहिल्या रांगेतल्या टकलाकडं बघत, ते डुललं की मग हे डुलत. एडमंटनहून मुलगा राजस फोनवर म्हणायचा, "बाबा, प्लीज, डोन्ट मेक इट अ थिंग." पण ती थिंग केव्हाच झाली होती.

या सगळ्यात उल्काताई कुठं होत्या? त्या मागच्या रांगेत खुर्चीवर बसून विणकाम करत होत्या. आणि त्या गायच्या, हे लेनमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

उल्काताई माहेरच्या गाणाऱ्या. बऱ्याचशा परीक्षा दिलेल्या, शेवटची लग्नामुळं राहिलेली. त्यांना बघायला आष्टीकर मंडळी गेली तेव्हा पोह्यांनंतर गाणं झालं होतं. भावी सासूबाई म्हणाल्या, छान. सासरे म्हणाले, फार छान. भावी नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. लग्न झालं, संसार झाला, देश बदलला, आणि या माणसाने आपल्या बायकोच्या स्वयंपाकाला, हुशारीला, बर्फात गाडी चालवण्याला मनापासून दाद दिली. गाण्याला कधी नाही. गाण्यात काही वाईट नव्हतं, तीच तर पंचाईत होती. उल्काताई विद्यापीठात बियाणं तपासण्याच्या लॅबमध्ये होत्या. दाण्याला कोंब फुटला की नाही ते बघायचं, जो वाकडा तो बाजूला काढायचा. गाणंही त्या असंच गायच्या. प्रत्येक सूर जागच्या जागी, वाकडा एकही नाही. पट्टीने रेघ मारावी तसं. ऐकताना आष्टीकरांची मान सरळ राहायची. ते काय करणार? कोऱ्या कागदावर सही येत नव्हती.

पिकतं तिथं विकत नाही, असं म्हणून उल्काताई हसायच्या. पण हळूहळू त्या नवऱ्यासमोर गायच्या बंद झाल्या. गायच्या त्या परसात, कोथिंबिरीच्या वाफ्याशी, तेही तो ऑफिसात गेल्यावर. तिथंच एके दिवशी कुंपणापलीकडून ग्लेंडाने ऐकलं. त्या उन्हाळ्यात उत्सव पंधरवड्यावर आलेला असताना एका गायिकेने येत नसल्याचं कळवलं होतं. ग्लेंडाने कुंपणावरूनच विचारलं आणि उल्काताई नको म्हणता म्हणता हो म्हणाल्या. साथीला वॉल्टरचं अ‍ॅकॉर्डियन. भाता आहे आणि पट्ट्या आहेत, म्हणजे पेटीचंच भावंड ते.

रात्री जेवताना त्यांनी ही बातमी दिली आणि लगेच अट घातली. "मी गाताना तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. मान हलवायची नाही. हातवारे नाहीत. आत्ताच्या आत्ता वचन द्या."

"का गं?"

"लोक हसतात."

हे कारण दाखवायचं होतं. खरं कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. सगळ्या लेनला 'वा' म्हणणारा माणूस बायकोच्या गाण्याला गप्प बसला, तर त्याचा अर्थ न कळायला लोक काही दुधखुळे नव्हते. आधीच गप्प बसायचं वचन घेऊन ठेवलं की त्या गप्प बसण्याला अर्थच उरत नाही. आष्टीकरांनी चेहरा पाडून वचन दिलं, पण खरं सांगायचं तर त्यांचा जीव भांड्यात पडला होता. सुंठीवाचून खोकला गेला. रात्री झोपताना मात्र त्यांना आपल्या या आनंदाची लाज वाटली. बायकोने आपल्याला सोडवलं, आणि आपण सुटलो म्हणून खूश आहोत.

पुढचे पंधरा दिवस बेसमेंटमध्ये तालीम चालली. आष्टीकरांना खाली यायची बंदी होती. पण तिथल्या घरांत गरम हवेसाठी जमिनीत जाळ्या असतात आणि त्यांतून खालचा शब्द न् शब्द वर येतो. संध्याकाळी एकदा देवदत्त नावाचा त्यांचा सॉफ्टवेअरमधला तरुण मित्र विरजण मागायला आला, तर काका स्वयंपाकघरात जमिनीवर पालथे पडून कान जाळीला लावून होते. तो घाबरला. काकांनी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. खालून भूप रागातली बंदिश येत होती.

"छान चाललंय की," देवदत्त कुजबुजला.

"बरोबर चाललंय," काका म्हणाले, आणि त्यांनी असा काही सुस्कारा सोडला की देवदत्तला ही तक्रार आहे की कौतुक ते कळेना.

उत्सवाचा दिवस निघाला तो लख्ख. उल्काताईंनी हिरवी रेशमी नऊवारी काढली होती, पण लेनमधल्या धुळीचा विचार करून साधी सुती सहावारी नेसल्या. आष्टीकर आपल्या नेहमीच्या जागी बसले आणि दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून ठेवले. देवदत्त पेरोगीची बशी घेऊन शेजारी टेकला. ग्लेंडाने ओळख करून दिली, वॉल्टरनी षड्ज धरला, आणि उल्काताईंनी गायला सुरुवात केली.

लेनने सवयीप्रमाणे पहिल्या रांगेकडं बघितलं.

पहिल्या रांगेतलं टक्कल हलत नव्हतं. हात दिसत नव्हते. डोळे समोर खिळलेले. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. हा माणूस कचऱ्याच्या गाडीच्या भोंग्यालाही मान डोलावतो, आणि आज पुतळा? मागं कुजबुज सुरू झाली. ग्लेंडा वाकून वाकून पहिल्या रांगेपर्यंत आली आणि तिने देवदत्तला विचारलं, ही प्रार्थना आहे का? देवदत्तच्या तोंडात अख्खी पेरोगी होती. त्याने मान हलवली ती नाही अशा अर्थाने, पण आपली मान कशी हलते ते तुम्हाला माहीत आहे. ग्लेंडाने ते हो असं धरलं. ती मागं गेली आणि तिने सांगितलं, प्रार्थना आहे. बघता बघता निरोप लेनभर पसरला. पुरुषांनी टोप्या काढल्या. वॉल्टरच्या बायकोने बशी खाली ठेवून हात जोडले. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

उल्काताईंनी डोळे उघडले तर समोर शोकसभा बसलेली.

त्यांचा सूर हलला नाही. इतक्या वर्षांची तयारी ती. पण आष्टीकरांना त्यांचा चेहरा दिसत होता. ओठ गात होते आणि डोळे मात्र एकेका खाली घातलेल्या मानेवरून फिरत नवऱ्यावर येऊन थांबत होते. त्या क्षणी आष्टीकरांना कळलं की आपलं काय होऊन बसलं आहे. वचनाने सुटका व्हायची होती, आणि वचनच निकाल होऊन सगळ्या लेनसमोर वाचून दाखवलं जात होतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. गप्प राहावं तर ही बाई इथं, परक्या लोकांसमोर, एकटी पडत होती. बोलावं तर वचन मोडतं, शिवाय खोटं बोलावं लागतं. धंतोलीतले ते वृद्ध त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. आष्टीकरांनी मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली, छाती भरून श्वास घेतला, आणि ओरडले, "वा! वा! क्या बात है!"

समेचा पत्ता नव्हता. जागाही नव्हती. ती दाद म्हणजे भर रस्त्यात कुणीतरी उगाच हॉर्न वाजवावा तशी होती. खाली गेलेल्या सगळ्या माना एकदम वर आल्या.

उल्काताई थांबल्या. वॉल्टरांचा सूर एकटाच लोंबकळत राहिला. त्यांनी माइक जवळ ओढला आणि नवऱ्याकडं बघून, सबंध लेनला ऐकू जाईल अशा आवाजात, शुद्ध मराठीत म्हणाल्या, "खोटं बोलू नका. नसेल आवडत तर गप्प बसा. पण मला भीक नको."

ग्लेंडाने वाकून विचारलं, काय म्हणाली? देवदत्तने गिळलं आणि सांगितलं की हा एक पारंपरिक श्लोक आहे.

उल्काताईंनी वॉल्टरना खूण केली. त्यांनी तीच ओळ पुन्हा धरली, पण आता त्या लेनसाठी गात नव्हत्या आणि परीक्षेसाठी तर नाहीच. त्या भांडत होत्या. पोह्यांच्या दिवसापासूनचं सगळं साचलेलं त्या सुरांत भरून नवऱ्याच्या अंगावर टाकत होत्या. ओळ वर चढली, आणखी वर चढली, जिथं तालमीत त्या कधी गेल्या नव्हत्या तिथं गेली, आणि तिथं आवाज किंचित फाटला. लॅबमध्ये असता तर तो सूर त्यांनी वाकडा म्हणून बाजूला काढला असता. आज त्यांना बाजूला काढायला वेळ नव्हता. तो तसाच फाटका घेऊन त्या खाली उतरल्या, समेला मुद्दाम उशीर करून, जणू काही दार आपटावं की नाही याचा विचार करत, आणि मग हलकेच येऊन टेकल्या.

आष्टीकरांचे हात मांड्यांखालून केव्हा निघाले ते त्यांना कळलं नाही. मान खाली गेली ती वर यायला वेळ लागला. तोंडातून काहीतरी निघालं. ते इतकं हळू होतं की शेजारी बसलेल्या देवदत्तलाही ऐकू गेलं नाही. त्याला फक्त काकांचे डोळे भरलेले दिसले, आणि त्याने शहाणपणाने बशीत बघायला सुरुवात केली.

पण टक्कल हललं होतं. तेवढं लेनला पुरे झालं. प्रार्थना संपली असं समजून टोप्या हवेत गेल्या, वॉल्टरच्या बायकोने टेबलावर थापा मारल्या, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण असा एकच गलका झाला. उल्काताईंनी ती ओळ पुन्हा म्हटली. तशी ती परत आली नाही, आणि याचं त्यांना काही वाटलं नाही. पुढचं सगळं गाणं त्या हसत हसत गायल्या.

ऊन कलल्यावर लेन आवरायला लागली. ग्लेंडाने उल्काताईंना मिठी मारून विचारलं होतं की पुढच्या वर्षी आणखी एखादी प्रार्थना म्हणाल का, आणि त्यांनी हो सांगितलं होतं. आता त्या आपल्या कुंपणाशी उभ्या राहून वायर कोपर आणि पंजाभोवती गुंडाळत होत्या. आष्टीकर दुसऱ्या टोकाला वायर सोडवून देत होते.

"मी वचन मोडलं," शेवटी ते म्हणाले.

"दोनदा मोडलंत."

आष्टीकरांच्या हातातली वायर थांबली. दुसऱ्या वेळचं ते जवळजवळ स्वतःशीच बोलले होते. ती तिकडं ट्रेलरवर, मध्ये अ‍ॅकॉर्डियन, समोर एवढी माणसं. "तुला ऐकू आलं?"

"आलं."

"आणि पहिलं खोटं होतं हे इतक्या पटकन कळलं कसं तुला? मी तर चांगलं जोरात म्हटलं होतं."

उल्काताईंनी वायरीची गुंडाळी खांद्यावर टाकली आणि कुंपणाचं दार उघडलं. "अहो, लग्न झाल्यापासून तुमचं खरं 'वा' ऐकत आलेय मी," त्या म्हणाल्या. "दरवेळी दुसऱ्या कुणासाठी असायचं. म्हणून काय मला ओळखता येणार नाही?"